गिरणी नेमकी कधी बंद झाली?

मुंबईत कापड गिरण्या कधी सुरू झाल्या, हे सांगणं सोपं आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला तिचं सूत निघू लागलं. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केली. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं, म्हणून गिरणीचं नावही तेच. सुरुवातीला मुहूर्त असतो, पाहुणे असतात, कोनशिला असते.

बंद होण्याला यातलं काहीच नसतं. लालबाग-परळच्या कुणाही जुन्या कामगाराला विचारा, "काका, तुमची गिरणी बंद कधी झाली?" आधी उत्तर येईल, "ब्याऐंशीच्या संपात." मग ते स्वतःच दुरुस्त करतील. संपानंतर गिरणी पुन्हा चालू झाली होती की. दोन पाळ्या चालायच्या. पुढे साळखातं, म्हणजे कापड विणायचं खातं, थांबलं, पण सूत निघतच होतं. मग विजेचं बिल थकलं. मग पगार थकला. शेवटी शेवटी नुसतं हजेरी लावून सावलीत बसायचं. यातली कोणती तारीख धरायची?

हा गोंधळ म्हाताऱ्या माणसाच्या स्मरणशक्तीचा नाही. मुंबईतल्या बहुतेक गिरण्या अशाच गेल्या, आणि त्या तशा जाण्यामागे कारणं होती. मुंबईच्या कापड धंद्यात माणसांचं काम कसं गेलं, हे समजून घ्यायचं तर 'बंद' या शब्दापासूनच सुरुवात करावी लागते.

औद्योगिक विवाद कायद्यात 1976 साली एक प्रकरण घालण्यात आलं. तीनशे किंवा जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायचा तर मालकाने आधी सरकारची परवानगी घ्यावी, असा त्याचा आशय. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये त्यातली परवानगीची अट रद्द ठरवली, तेव्हा 1982 च्या दुरुस्तीने सरकारने ती नव्या रूपात परत आणली आणि मर्यादा तीनशेवरून शंभरावर उतरवली. हेतू चांगलाच होता. पण परवानगी मागायची म्हणजे हिशेब दाखवायचे, कामगारांची देणी द्यायची, शिवाय बोभाटा. त्यापेक्षा गिरणी बंद न करताच थांबवणं सोयीचं. आधी तिसरी पाळी काढायची. कापसाची खरेदी कमी करायची, यंत्राचा भाग मोडला की नवा आणायचा नाही. विजेचं बिल थकवायचं. मग वीज कंपनीच येऊन जोडणी तोडते आणि गिरणी 'विजेअभावी' थांबते. कागदावर ती चालूच असते. कामगाराला कुणी काढलेलं नसतं, त्यामुळे त्याला नुकसानभरपाईही कुणी देणं लागत नाही. काम नाही आणि नोकरी मात्र आहे, अशा अवस्थेत हजारो माणसांनी वर्षं काढली.

आणि ज्याची नोकरी मुळात कागदावर धडपणे कधी आलीच नव्हती, त्याचं काय? तो बदली कामगार.

गिरणीचा दिवस तीन पाळ्यांचा. पहिली सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी मध्यरात्री. प्रत्येक पाळीच्या आधी भोंगा. भोंग्याआधी फाटकाशी घोळका जमायचा तो बदलीवाल्यांचा. आपण एक माणूस डोळ्यांसमोर आणू. सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावातून आलेला, वय तेवीस-चोवीस, गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जणांत एक वळकटी एवढीच त्याची जागा. कुणी पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसऱ्याने झोपायचं. हा साडेसहाला फाटकाशी उभा. आत किती कायम कामगार आज आले नाहीत, यावर त्याचा दिवस ठरणार. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर येतो, बोटाने चार-पाच जणांना आत घेतो.

"मामा, माझं बघा की आज."

"आज भरलं रे. दुपारच्या पाळीला ये."

जॉबर गावचा, नात्यातला किंवा निदान भावकीतला असला तर नंबर लवकर लागे. नसला तर दिवाळीला काहीतरी घेऊन जावं लागे. दुपारी नाही मिळालं तर रात्री. महिन्यात दहा-बारा दिवस भरले तर बरं, होळी-गणपतीला कायम कामगार गावी गेले की वीस-पंचवीस. असं दहा-दहा वर्षं बदली म्हणून काढलेली माणसं गिरणगावात शेकड्यांनी सापडत. गिरणीच्या मनुष्यबळाचा मोठा हिस्सा या बदलीवाल्यांचा होता. मालकाला त्याचा हिशेब परवडायचा: काम असेल तेव्हा हात हजर, नसेल तेव्हा पगार नाही.

हे बारकाईने सांगायचं कारण असं की 'एवढ्या लाख कामगारांच्या नोकऱ्या गेल्या' हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. बदलीवाल्याची नोकरी एका दिवसात जात नाही. आज बोट त्याच्याकडे वळत नाही, उद्याही वळत नाही, मग तो फाटकाशी यायचा थांबतो. त्याला नोटीस कोण देणार?

त्याच्याही आधी, कुणाच्या फारसं लक्षात न येता, बायका गेल्या होत्या. 1930 च्या आसपास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत एक बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग ही त्यांची खाती. कांड्या भरायच्या, सुताच्या लडी करायच्या. 1980 साल येईतो शंभरात पाचसुद्धा उरल्या नव्हत्या. 1929 साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा आला, तो खर्च मालकाच्या गळ्यात पडला. बायकांना रात्रपाळीची बंदी होती आणि गिरण्या रात्रपाळीकडे वळत होत्या. नवी यंत्रं आली तीही नेमकी या खात्यांत. म्हणून बाई निवृत्त झाली की तिच्या जागी पुरुष, किंवा कुणीच नाही. कामगार चळवळीच्या इतिहासात या हकालपट्टीवर किती कमी लिहिलं गेलं आहे ते पाहून मला आश्चर्य वाटतं. संख्येने ती संपाएवढी नसेल, पण पुढच्या सगळ्याचा कित्ता तिथेच गिरवून झाला होता: कुणालाही 'काढून' न टाकता माणसं कमी करायची.

गिरणगावातल्या अनेक बायकांनी खानावळी चालवल्या. दहा-पंधरा गड्यांना दोन वेळचं जेवण, हिशेब पगाराला. भाकऱ्या थापायच्या, डबे भरायचे, तेही चाळीच्या एका खोलीत, चूल आणि पाळणा सांभाळून. किराणा उधारीवर, त्यावर सावकाराचं व्याज. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांचा व्यवसाय म्हणून कागदावर उल्लेख झाला. गिरण्या थांबल्या तेव्हा या खानावळीही थांबल्या. बेकारांच्या कुठल्याच यादीत त्या नाहीत.

आता संप. त्याबद्दल बोलल्याशिवाय हे प्रकरण पुढे सरकणार नाही, आणि त्याच्याबद्दल जे नेहमी बोललं जातं ते अर्धवट आहे.

1981 च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली. त्या वेळी गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एका शहरापुरती एकच प्रातिनिधिक युनियन ठरत असे, आणि एकदा ठरली की तिला हलवणं महाकठीण. कामगाराचा विश्वास असो वा नसो, करार तिचाच. संघाने मान्य केलेला बोनस कामगारांना पटला नाही. स्टँडर्ड मिलचे कामगार उठले आणि थेट घाटकोपरला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. डॉक्टरांनी इंजिनिअरिंग कारखान्यांत घसघशीत पगारवाढी मिळवून दिल्या होत्या, आणि त्याच चाळींत राहणाऱ्या मोटार कारखान्यातल्या शेजाऱ्याचा पगार गिरणीवाल्याला दिसत होता. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्या तीन मुख्य: पगारवाढ, बदलीवाल्यांना कायम करणं आणि तो 1946 चा कायदा रद्द करणं.

यातली तिसरी मागणी सरकारच्या वर्मावर होती. पगारावर तडजोड झाली असती, पण सामंतांशी बोलणी करणं म्हणजे संघाची मक्तेदारी मोडणं. म्हणून बोलणीच झाली नाहीत. कामगार गावी गेले. संप वर्षाहून जास्त टिकला, तो गावाच्या जिवावर: पावसाळ्यात शेतीची कामं, घरचं भात किंवा ज्वारी, नातलगांचा आधार. पण रत्नागिरी-साताऱ्याच्या गावांना मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरची सवय होती. आता मनीऑर्डरीऐवजी माणूसच परत आला होता.

संप मागे घेतल्याची घोषणा कधी झाली? कधीच नाही. गिरण्यांसारखीच त्यालाही सुरुवातीची तारीख आहे, शेवटची नाही. 1983 उजाडलं तसे कामगार एकेक करून परतू लागले. मालकांनी निवडून-निवडून आत घेतलं, कित्येकांकडून हमीपत्रं लिहून घेतली. लाखाच्या घरात माणसांना काम पुन्हा मिळालंच नाही. सरकारने त्याच वर्षी मुंबईतल्या 13 गिरण्यांचं व्यवस्थापन हाती घेतलं. सामंत 1984 साली खासदार झाले, आणि 16 जानेवारी 1997 रोजी त्यांचा खून झाला.

'सामंतांनी गिरण्या बुडवल्या' हे वाक्य मुंबईत आजही ऐकू येतं, तेही सुशिक्षित तोंडातून. त्यावर अहमदाबाद हे एकच उत्तर पुरेसं आहे. तिथे 1918 च्या गांधीजींच्या लढ्यातून आलेली मजूर महाजन ही संघटना होती, सलोखा आणि लवाद हा तिचा मंत्र. 1982 सारखा संप तिथे झाला नाही. तरी 1980 आणि 1990 च्या दशकांत अहमदाबादच्या बहुतेक गिरण्यांना टाळी लागली आणि लाखाच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. सोलापूरची जुनी मिल तर 1963 सालीच बंद पडली होती. संपाने मुंबईतल्या घसरणीचा वेग वाढवला, हे खरं. उतार आधीपासून होता.

तो उतार कुठे नेत होता? भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला. यंत्रमागावर.

गिरणी म्हणजे एका छपराखाली सगळं: कापूस पिंजण्यापासून रंगलेल्या कापडाच्या घडीपर्यंत. यंत्रमागवाला फक्त विणतो. तो सूत विकत घेतो, कोरं कापड विकतो, रंगाई-छपाई दुसरीकडे. त्यामुळे भांडवल कमी. करात सवलती होत्या, त्या छोट्या धंद्याला जगवावं म्हणून दिलेल्या. आणि कामगार कायदा? विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसं असली की कारखाना कायदा लागू होत असे. मग एकाच शेडमधले माग चार नावांवर चढवायचे, प्रत्येक नावाखाली माणसं दहाच्या आत. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. फंड नाही, रजा नाही.

गंमत अशी की गिरणी मालक या स्पर्धेचे बळी होते तेवढेच गिऱ्हाईकही होते. संपाच्या काळात कितीतरी गिरण्यांचं कापड बाजारात येतच होतं. ते यंत्रमागावर विणून घेतलेलं, गिरणीचा शिक्का मारलेलं. बाहेरून कापड स्वस्तात मिळतं, शिक्का आपला, मग साळखातं पोसायचं कशाला, हा धडा मालकांना संपानेच दिला म्हणायचा. गिरण्यांचे जुने माग भंगाराच्या भावाने विकले गेले आणि त्यातले कित्येक भिवंडीत पुन्हा फिरू लागले. मागाबरोबर कधी कधी साचेवाला, म्हणजे माग चालवणारा विणकरही गेला. परळला आठ तासांत जे काम तो करत होता, तेच आता बारा तास. देशात विणल्या जाणाऱ्या कापडात गिरण्यांचा वाटा स्वातंत्र्याच्या सुमाराला सिंहाचा होता. आज तो शेकडा पाचाच्याही आत आहे. कापड काही कमी झालेलं नाही.

साचेवाल्याचं कौशल्य काय असतं, तेही इथे पाहून घेऊ. धोट्यातली (शटलमधली) कांडी संपली की नवी घालायची, तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचं. जुन्या मागावर ते काढायची रीत म्हणजे धोटा ओठांना लावून सूत ओढून घ्यायचं. दिवसातून असंख्य वेळा. सुताबरोबर कापसाची धूळही आत जाते. वर्षानुवर्षं ती छातीत बसली की बिसिनोसिस होतो. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, ही त्या रोगाची खूण. ज्याला हे काम येतं त्याला त्याच्या चाळिशीत सांगितलं गेलं, की आता दुसरं काहीतरी शिका.

मुंबईत गिरण्या थांबवण्याला आणखी एक कारण मिळालं, आणि माझ्या मते पुढच्या काळात तेच मुख्य ठरलं. गिरण्यांखालची जमीन. 58 गिरण्या, सुमारे 600 एकर, तीही शहराच्या पोटात. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने ही जमीन विकायला वाट करून दिली. अट अशी की ढोबळमानाने तिसरा हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, तिसरा म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, घरांसाठी, उरलेला मालकाला. आणि येणारा पैसा गिरणी सावरायला, कामगारांची देणी भागवायला. 2001 साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी आता सगळ्या जमिनीची नव्हे, ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्याचीच.

हे शब्दांत बारीक वाटतं, म्हणून आकडे घालून पाहू. 15 एकरांची गिरणी धरा. त्यातल्या 12 एकरांवर शेड, गोदामं, चिमणी. मोकळी जागा 3 एकर. जुन्या नियमाने महापालिकेला 5 एकर, म्हाडाला 5 एकर. नव्या नियमाने दोघांना जेमतेम एकेक. शेड पाडून टाकली तरी ती जागा 'मोकळी' धरायची नाही. प्रकरण न्यायालयात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये जुन्या अर्थाच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो फिरवला. दरम्यान 2005 सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल, सुमारे 17 एकर, 702 कोटी रुपयांना विकली होती. तेवढे पैसे कापड विणून किती वर्षांत मिळाले असते, याचा हिशेब कुणी मांडला असेल असं वाटत नाही.

कामगारांना घरी पाठवण्याच्या योजनेचं नाव स्वेच्छानिवृत्ती. गिरणीत काम नाही, पगार थकलेला, समोर फॉर्म. 'स्वेच्छा' हा शब्द इतक्या जबरदस्तीने मराठीत दुसरीकडे कुठे वापरला गेला असेल असं मला वाटत नाही. मिळालेली रक्कम कर्जात, मुलीच्या लग्नात, गावच्या घराच्या पत्र्यात गेली. काहींनी रिक्षा घेतली. बाकीची गोष्ट, मॉलच्या दारातला पहारेकरी वगैरे, सिनेमा-नाटकांनी इतकी सांगितली आहे की ती इथे परत सांगत नाही.

सांगण्यासारखी गोष्ट आहे ती कागदाची. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी घरं ठरली. पहिली मोठी सोडत 2012 साली निघाली: 6,925 घरं, प्रत्येकी 225 चौरस फूट, किंमत साडेसात लाख. अर्ज आजवर पावणेदोन लाखांच्या आसपास आले आहेत. अर्जदार कामगार 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असला पाहिजे. कामगार हयात नसेल तर वारस अर्ज करू शकतो. आणि कामाला होता हे सिद्ध करायचं पुराव्याने: गिरणीचं तिकीट किंवा पास, हजेरी कार्ड, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा किंवा विमा योजनेचा क्रमांक.

इथे पुन्हा तो सातारचा बदलीवाला आठवतो. ज्या गिरणीने ती बंद झाल्याचा कागद दिला नाही, तिनेच तो कामाला असल्याचा कागदही नीट दिला नव्हता. गिरणीचं दप्तर कुठे भिजलं, कुठे रद्दीत गेलं, कुठे मालक बदलताना हरवलं. कायम कामगाराकडे निदान फंडाचा क्रमांक असतो. बदलीवाल्याच्या हातात एखादं मळकं कार्ड असेल तर असेल.

म्हणून हे प्रकरण वाचणाऱ्याला एक विनंती. तुमच्या घरात, गावच्या माळ्यावर, आजोबांची किंवा मामांची पत्र्याची ट्रंक असेल, आणि ते कधीकाळी मुंबईच्या गिरणीत होते असं तुम्ही ऐकलं असेल, तर साफसफाईत ती ट्रंक रिकामी करण्याआधी आतले कागद एकदा उलगडून पाहा. नंबर असलेला पितळी बिल्ला, भोकं पडलेलं हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, काहीही असलं तरी जपून ठेवा. ज्यांचं नाव त्यावर आहे, ते गिरणीत होते याचा दुसरा पुरावा बहुधा कुठेच नाही.